टेक्स्ट मोड, ग्राफिक्स आणि जुन्या संगणकांचा वेग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळ्यावरचा ३८६ खाली काढून झटकणारे, कुठूनतरी कमोडोर ६४ मिळवलेले आणि "आमच्या वेळी फॉक्सप्रो कसलं उडायचं!" असं (नोंदी ठेवायच्या त्या डॉसवरच्या प्रोग्रामबद्दल) भाच्यांना ऐकवणारे काका, अशा तिन्ही गोटांतून मला हे प्रश्न येत असतात. १९९२ पासून मी अशा यंत्रांवर आधी पोटासाठी आणि नंतर हौसेसाठी बसत आलो आहे. इथली उत्तरं साधारण १९८१ ते १९९५ या काळातल्या यंत्रांबद्दल आहेत. शेवटी थोडं आजचंही आहे.

विंडोजआधीच्या डॉसमधलं काम खरंच जलद व्हायचं, की आठवण लबाडी करते?

थोडं हे, थोडं ते. पडदा रंगवणं खरंच जलद होतं, त्यात शंका नाही. हिशेब मात्र जलद नव्हते. त्याच प्रोसेसरवर दहा हजार नोंदी क्रमाने लावायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागायचा, पडद्यावर काय दिसतंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. आणि "उडायचं" म्हणतो तेव्हा पुष्कळदा आपण स्वतःच्या बोटांबद्दल बोलत असतो. त्यावर खाली वेगळा प्रश्न आहे.

टेक्स्ट मोड म्हणजे नेमकं काय? शेवटी पडद्यावर ठिपकेच दिसतात ना?

ठिपकेच दिसतात. ते कोण काढतं, यावर सगळा खेळ आहे.

खिळ्यांचा छापखाना आठवा. कंपॉझिटर अक्षर काढत बसत नाही, केसमधला तयार खिळा उचलून ओळीत लावतो. टेक्स्ट मोडमध्ये प्रोसेसर हा असा कंपॉझिटर असतो. आयबीएम पीसीच्या ठरलेल्या मोडमध्ये ८० स्तंभ आणि २५ ओळी, म्हणजे २,००० घरं. प्रत्येक घराला दोन बाइट : एक अक्षराचा क्रमांक, दुसरा रंगाचा. रंगीत कार्डावर ही मेमरी बी८००० या पत्त्यापासून सुरू व्हायची. तिथे पहिल्या घरात ६५ हा आकडा टाकला की पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात इंग्रजीतलं कॅपिटल 'ए' उभं राहायचं. त्याचे ठिपके कार्डावरच्या कॅरेक्टर जनरेटर नावाच्या तुकड्यात आधीच कोरलेले असायचे. कर्सरची उघडझापसुद्धा कार्डच करायचं. अख्खा पडदा ४,००० बाइटमध्ये उरकला.

ग्राफिक्समध्ये कंपॉझिटरच्या हातातून खिळे काढून घेऊन त्याला कुंचला दिलेला असतो. व्हीजीए या नंतरच्या कार्डाच्या ६४० बाय ४८० ठिपके, १६ रंग या मोडचा हिशेब करा. ३,०७,२०० ठिपके, प्रत्येकी अर्धा बाइट, म्हणजे १,५३,६०० बाइट. तेच पत्र, तीच अक्षरं, पण ओझं अडतीसपट.

म्हणजे ग्राफिक्सचे प्रोग्राम अडतीसपट हळू?

नाही. हा आकडा ऐकला की लोक लगेच भागाकार करून मोकळे होतात. पण कुठलाही शहाणा प्रोग्राम दर वेळी सगळा पडदा पुन्हा रंगवत नाही. बदललं तेवढंच काढतो. शिवाय व्हीजीएमध्ये रंगांचे चार थर एका दमात लिहायची सोय होती, त्यामुळे एकाच रंगाचा पट्टा भरायला चौथा हिस्सा बाइट पुरायचे.

खरी पंचाईत व्हायची ती पान वरखाली सरकवताना. तिथे जवळजवळ सगळाच पडदा बदलतो, आणि तो सगळा ऐवज आयसा बसच्या, म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड जोडणाऱ्या जुन्या मार्गाच्या, अरुंद गल्लीतून कार्डापर्यंत न्यावा लागतो. म्हणून १९९१ मध्ये एस३ कंपनीची विंडोजसाठीची ॲक्सिलरेटर चिप आली आणि वर्षभरात वेसा लोकल बस हा वेगवान मार्गही आला, तेव्हा फरक डोळ्यांना दिसला. चिप येऊन काय झालं? खिडकी सरकवणं, पट्टे भरणं ही कामं पुन्हा कार्डाकडे गेली. टेक्स्ट मोडने जी कामाची वाटणी पहिल्यापासून करून ठेवली होती तीच ग्राफिक्सने दहा वर्षांनी केली. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे : वेग साधेपणातून आला नाही, काम कुणाच्या गळ्यात पडलं यातून आला.

कमोडोर ६४ वर जिओस एवढं रेंगाळतं का?

१ मेगाहर्ट्झच्या यंत्रावर खिडक्या, मेन्यू आणि फॉन्ट चालतात हेच नवल माना. बर्कली सॉफ्टवर्क्सने जिओस आणलं १९८६ मध्ये, आणि यंत्र होतं १९८२ चं.

कमोडोरचा टेक्स्ट पडदा ४० बाय २५, म्हणजे १,००० बाइट (रंगांचे वेगळे). जिओस चालतं ३२० बाय २०० च्या बिटमॅपवर (ठिपक्याठिपक्याने साठवलेल्या चित्रावर), म्हणजे ८,००० बाइट. ६५१० प्रोसेसरला साध्या लूपमध्ये एक बाइट इथून उचलून तिथे ठेवायला सुमारे १४ सायकल लागतात. म्हणजे पूर्ण बिटमॅप सरकवायला एक लाख बारा हजार सायकल, सेकंदाचा नववा हिस्सा. टेक्स्टला त्याचा आठवा भाग. सेकंदाचा नववा हिस्सा ऐकायला किरकोळ वाटतो, पण बाण दाबून धरल्यावर प्रत्येक ओळीमागे तो खर्च होतो तेव्हा पान चिखलातून ओढल्यासारखं सरकतं.

त्यातही जिओराइट या जिओसच्या वर्ड प्रोसेसरमध्ये कागदाची रुंदी ३२० ठिपक्यांत मावत नाही. टाइप करता करता उजव्या कडेला पोचलात की पडदा आडवा सरकतो, ओळ संपली की परत डावीकडे. टेक्स्टवाल्या वर्ड प्रोसेसरांनी ४० स्तंभांत ओळ मोडून ही कटकटच टाळली होती. कागदावर कसं दिसेल ते छापल्यावर बघा, असा रोखठोक कारभार.

आणि तरीही माझ्या मते जिओसच्या मंदपणाचा मुख्य आरोपी पडदा नव्हे, फ्लॉपी आहे. १५४१ ड्राइव्ह मूळ अवस्थेत सेकंदाला साधारण ३०० ते ४०० बाइट द्यायचा. जिओसने स्वतःचा वेगवान लोडर लिहून तो कित्येक पटींनी वाढवला, पण ६४ किलोबाइटमध्ये सगळं मावत नसल्याने प्रोग्रामचे तुकडे फ्लॉपीवरून पुन्हापुन्हा उचलावे लागायचे. मेन्यू उघडला की ड्राइव्हची घरघर. ज्यांच्याकडे जादा मेमरीचं काडतूस होतं त्यांनी तिथे रॅम डिस्क (मेमरीतच डिस्कसारखी जागा) केली, आणि तेच जिओस एकदम माणसात आलं. पडदा तोच, ठिपके तेवढेच.

स्पेक्ट्रमवर तर साधा मजकूरसुद्धा हळू सरकतो. मग टेक्स्टचा फायदा कुठे गेला?

स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाला टेक्स्ट मोडच नाही. २५६ बाय १९२ चा एकच बिटमॅप, ६,१४४ बाइटचा, आणि वर रंगांचे ७६८. प्रत्येक अक्षर म्हणजे आठ बाइट, आणि ते झेड-८० प्रोसेसरनेच काढायचे. "टेक्स्ट प्रोग्राम म्हणजे जलद" हा नियम इथे पार झोपतो. याची चांगली बाजू अशी की अक्षर कितीही बारीक काढायची मोकळीक होती. टासवर्ड या वर्ड प्रोसेसरने चार ठिपके रुंदीची अक्षरं करून ओळीत ६४ बसवली होती. डोळ्यांची काळजी मात्र ज्याची त्याने घ्यायची.

आणि बीबीसी मायक्रो? शाळेत होता आमच्या.

शाळांत संगणक नेणाऱ्या १९८४ च्या सरकारी 'क्लास' प्रकल्पातून तो भारतातल्या बऱ्याच शाळांत पोचला, त्यामुळे हा प्रश्न बहुधा पन्नाशीच्या आसपासच्यांचा असतो.

त्यात प्रश्न वेगाआधी जागेचा होता. यंत्राची मेमरी ३२ किलोबाइट, आणि पडदा त्यातूनच घास घ्यायचा. मोड ० हे ६४० बाय २५६ चं ग्राफिक्स, त्याला एकटं २० किलोबाइट. मोड ७ हा टेलिटेक्स्ट, त्याला फक्त १. डिस्क लावलेल्या यंत्रावर मोड ० मध्ये तुमच्या हातात ५,८८८ बाइट उरायचे, मोड ७ मध्ये २५,३४४. वर्डवाइज या वर्ड प्रोसेसरने म्हणून लिहायचं काम मोड ७ मध्ये ठेवलं आणि ८० स्तंभांत पान कसं दिसेल हे फक्त मागितलं तर दाखवलं. निबंध लांबवायचा असेल तर पडदा गरीब ठेवा, असा तो सौदा होता.

१९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये तर टेक्स्ट मोड नव्हताच. तो कसा चालला?

प्रोसेसर तगडा होता, ६८०००, जवळपास ८ मेगाहर्ट्झचा. पडदा काळापांढरा, ५१२ बाय ३४२, त्यामुळे २१,८८८ बाइटांत आटोपला. आणि चित्र काढायचं सॉफ्टवेअर बिल ॲटकिन्सनने अतिशय हुशारीने लिहिलेलं. तरी १२८ किलोबाइट मेमरीचा सहावा हिस्सा नुसत्या पडद्यात गेला, आणि एकाच ड्राइव्हवर दोन फ्लॉप्या आलटून पालटून घालताना लोकांचे हात दुखले ते दुखलेच.

डॉसचे सगळेच टेक्स्ट प्रोग्राम सारखे जलद नव्हते. असं का?

कारण पडद्यावर लिहायच्या वाटा तीन होत्या. डॉसला सांगा, तो बायोसला (यंत्रात कोरलेल्या मूळ प्रोग्रामला) सांगतो, बायोस कार्डाला. ही सरकारी वाट : प्रत्येक अक्षराचा अर्ज खिडकीवरून खिडकीवर. दुसरी वाट थेट बायोसकडे. तिसरी म्हणजे सगळ्यांना बगल देऊन स्वतःच व्हिडिओ मेमरीत आकडे टाकायचे. १९८३ च्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटने तिसरी वाट धरली. त्याच्या वेगाचं हे एक मोठं कारण, आणि नकली पीसी खरोखर सुसंगत आहे का हे बघायला लोटस चालवून बघायचे त्याचंही कारण हेच. टर्बो पास्कलमध्ये प्रोग्राम लिहिलेल्यांना क्रट युनिटमधलं 'डायरेक्टव्हिडिओ' आठवेल. ते हीच वाट उघडून द्यायचं.

जुन्या सीजीए कार्डावर या वाटेवर खड्डा होता. ८० स्तंभांच्या मोडमध्ये कार्ड पडदा वाचत असताना प्रोसेसरने तिथेच लिहिलं की पडद्यावर पांढरे कण भुरभुरायचे. त्याला 'स्नो' म्हणत. ते टाळायचं तर पडदा रंगवणारा किरण मागे फिरेपर्यंत थांबावं लागे, आणि थांबलं की वेग गेला.

चौथी गोष्ट प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातची. मी शिकाऊ असताना एका पतसंस्थेत महिनाअखेरीचं व्याज काढायला बसलो होतो. फॉक्सप्रोचा माझाच प्रोग्राम, आणि पडद्यावर किती खाती झाली त्याचा आकडा दर खात्याला बदलत होता. मला तो आकडा पळताना बघायला फार आवडायचं. हेडक्लार्क अण्णा मागे येऊन उभे राहिले, जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "अरे, ते मोजणं बंद कर, यंत्राला काम करू दे." शंभर खात्यांमागे एकदाच आकडा दाखवायला सांगितलं आणि वर 'सेट टॉक ऑफ' (आज्ञांचे निकाल पडद्यावर दाखवू नको) टाकलं. चहा यायच्या आत काम झालं. आदल्या महिन्यात जेवणाची सुट्टी त्यात गेली होती. टेक्स्ट मोडसुद्धा फुकट नसतो, हे मी तिथे शिकलो.

पण फॉक्सप्रोमध्ये तर खिडक्या होत्या, मेन्यू होते, माऊसही चालायचा. ते ग्राफिक्सच ना?

नाही, डॉसवरच्या फॉक्सप्रोत ते टेक्स्टच. चौकटी म्हणजे आयबीएमच्या तक्त्यातली एकेरी-दुहेरी रेघांची अक्षरं, खिडकीची सावली म्हणजे शेजारच्या घरांचा रंग गडद केलेला, आणि माऊसचा बाण म्हणजे एका घराएवढा चौकोनी ठोकळा. नॉर्टन कमांडर, बोर्लंडचं टर्बो व्हिजन, सगळे याच जातीचे. खिडक्या असणं आणि ग्राफिक्स असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे पुष्कळ जणांची गल्लत होते.

काही प्रोग्राम दोन्ही दगडांवर पाय ठेवायचे. डॉसवरचा वर्ड ५ टेक्स्टमधून ग्राफिक्समध्ये जाऊन तिरपी अक्षरं खरोखर तिरपी दाखवायचा. वर्डपरफेक्ट ५.१ मध्ये लिहायचं टेक्स्टमध्ये आणि छापण्याआधीचं पान बघायचं ग्राफिक्समध्ये. मला आजही हीच मांडणी सगळ्यांत समंजस वाटते. लिहिताना वेग, बघताना रूप.

विंडोज ३.१ मध्ये डॉसचा प्रोग्राम खिडकीत हळू आणि पूर्ण पडद्यावर जलद चालायचा. भास होता का?

मुळीच नाही. पूर्ण पडद्यावर असताना कार्ड खऱ्या टेक्स्ट मोडमध्ये जायचं. ऑल्ट-एंटर दाबून तोच प्रोग्राम खिडकीत आणला की कार्ड ग्राफिक्समध्ये, आणि प्रोग्रामने टाकलेलं प्रत्येक अक्षर विंडोजला ठिपके काढून रंगवावं लागायचं. बिचाऱ्या प्रोग्रामला पत्ताही नसायचा की आपला कॅरेक्टर जनरेटर कुणी पळवलाय. लांबलचक यादी पडद्यावर सोडायची असेल तर आम्ही आधी ऑल्ट-एंटर मारायचो, मग एंटर.

मग विंडोज हळू होण्यात चित्रांचा दोष किती?

लोक मानतात त्यापेक्षा कमी. २ मेगाबाइट मेमरीच्या ३८६ एसएक्सवर विंडोज ३.१ चालू केलं की हार्ड डिस्कचा दिवा विझायचाच नाही. जागा संपली की मेमरीतला ऐवज डिस्कवर, डिस्कवरचा मेमरीत. तेच यंत्र ४ मेगाबाइटचं केलं की माणूस म्हणायचा, "कार्ड बदललं का?" पडद्यामागचं चित्र (वॉलपेपर) काढून टाका हा सल्ला सगळे द्यायचे, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता, कारण ते चित्रही मेमरीत बसायचं.

कीबोर्डवाले माऊसवाल्यांपेक्षा जलद, हे खरं का?

रोज तेच काम करणारा असेल तर हो. नवशिक्या असेल तर नाही, उलट तो वर्डस्टार या वर्ड प्रोसेसरपुढे बसून रडकुंडीला यायचा.

नेमकं काय व्हायचं ते सांगतो. पीसीच्या बायोसमध्ये दाबलेल्या कळा साठवायला १५ कळांची जागा असते. प्रोग्राम कामात असला तरी तुम्ही दाबलेल्या कळा तिथे रांगेत उभ्या राहतात. पतसंस्थेच्या काउंटरवरच्या बाई पासबुक हातात आल्याबरोबर मेन्यूचा आकडा, एंटर, खाते क्रमांक, एंटर, रक्कम असं एका दमात बडवायच्या. पडदा तेव्हा आधीच्याच खात्यावर असायचा. मग पडदे एकामागून एक झरझर पालटून बरोबर शेवटच्या जागी येऊन थांबायचे. सोळावी कळ पडली तर स्पीकरमधून टुक् आवाज यायचा आणि बाई तेवढं थांबायच्या. त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या, त्यांचं लक्ष पासबुकावर आणि कान त्या टुक्-वर.

हे जमतं कारण टेक्स्टमधला मेन्यू जागेवरून हलत नाही आणि तीच कळ दर वेळी तेच करते. लोटसमध्ये तिरपी रेघ, एफ, एस म्हटलं की फाइल जतन. वर्डस्टारमध्ये कंट्रोल-के-एस. आज मला वर्डस्टारच्या आज्ञा विचारल्यात तर तोंडाने सांगता येणार नाहीत, पण कीबोर्डवर हात ठेवला की डावी करंगळी आपोआप कंट्रोलकडे जाते. माऊसने हे होत नाही, कारण बाण कुठे आहे हे आधी डोळ्यांनी शोधावं लागतं, आणि खिडकी उघडायच्या आत टिचकी मारली तर ती भलत्याच ठिकाणी पडते.

दुसऱ्या बाजूने बोलायचं तर ज्याला महिन्यातून एकदा एक पत्र लिहायचंय त्याने त्या आज्ञा का पाठ कराव्यात? त्याच्यासाठी मेन्यू उघडून दिसणारा, हळू का असेना, प्रोग्रामच जलद.

टेक्स्ट मोडमध्ये मराठी कशी यायची?

या एका प्रश्नासाठी मी हे पान लिहायला घेतलं म्हटलंत तरी चालेल.

टेक्स्ट मोडची सगळी चैन एका गृहीतावर उभी आहे : अक्षरं थोडी, सगळी एकाच मापाची, आणि शेजारच्याशी भांडण नाही. इंग्रजीला ते चालतं. देवनागरीत 'क' आणि 'ष' जवळ आले की 'क्ष' होतो, ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर आणि लिहिताना आधी, उकार खाली, मात्रा वर, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून शिरोरेषा. आठ ठिपके रुंदीच्या खुराड्यात हे कोंबायचं कसं?

व्हीजीएमध्ये आपले खिळे भरता येतात, एका वेळी २५६ किंवा फार तर ५१२. पण व्हीजीएच्या नेहमीच्या टेक्स्टमध्ये घर नऊ ठिपक्यांचं, आणि नववा ठिपका कोरा असतो. अपवाद फक्त १९२ ते २२३ या क्रमांकांचा. तिथे आठवाच ठिपका पुढे ओढला जातो, म्हणजे चौकटीच्या आडव्या रेघा तुटत नाहीत. म्हणजे इतर कुठल्याही क्रमांकावर देवनागरी अक्षर ठेवलंत की दर घरानंतर शिरोरेषेला एक फट! ज्या माणसाने हे ठरवलं त्याच्या डोळ्यांपुढे चौकटी होत्या, आपण नव्हतो.

तोडगा निघाला 'जिस्ट'मधून. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरला मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी हे तंत्र विकसित केलं, आणि पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ते कार्डाच्या रूपात घराघरांत नसलं तरी कचेऱ्याकचेऱ्यांत पोचवलं. पीसीच्या स्लॉटमध्ये बसणारं कार्ड. वर्डस्टार, डीबेस (नोंदींचा डेटाबेस), लोटस यांना वाटायचं आपण नेहमीसारखे बाइट टाकतोय. १२८ च्या वरचे क्रमांक आले की कार्ड ते मराठी समजून जोडाक्षरं जुळवून दाखवायचं. जोडाजोडीचं किचकट काम प्रोसेसरच्या गळ्यात न पडता कार्डाकडे राहिलं, म्हणून त्या काळच्या मंद यंत्रावरही मराठी डेटाबेस चालवता आला.

अडचणी होत्याच. क्रमांक ठरले इस्की या मानकाने (आयएस १३१९४, १९९१), आणि त्यात 'क' आहे १७९ वर. आयबीएमच्या तक्त्यात १७९ म्हणजे चौकटीची उभी रेघ. काना २१८ वर, म्हणजे चौकटीचा डावा वरचा कोपरा. त्यामुळे कार्ड नसलेल्या यंत्रावर 'काका' असे दिसायचे : │┌│┌. बायोडेटा उघडावा आणि पडद्यावर मोडकं कुंपण दिसावं, तशी गत.

दुसरी अडचण लांबीची. 'लक्ष्मीकांत' डोळ्याला चार अक्षरं. इस्कीत ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, वेलांटी, क, काना, अनुस्वार, त, म्हणजे ११ बाइट. डीबेसमध्ये नावाला १५ ची जागा ठेवली असेल तर पुढे आडनावाला जेमतेम तीन बाइट. नाव कुठे तुटेल याचा नेम नाही. हलन्तावर तुटलं तर शेवटचं अक्षर लंगडं. नव्याने टेबल बनवताना आम्ही इंग्रजीची लांबी घेऊन सरळ अडीचपट करायचो, आणि मग डिस्क का भरली म्हणून साहेब विचारायचे.

पुढे विंडोज आलं आणि फॉन्ट आले. देखणी मराठी आली, वर्तमानपत्रं आणि लग्नपत्रिका सुंदर झाल्या. पण जोडाक्षरं दाखवायचा भार आता प्रोसेसरवर, आणि जुन्या यंत्रावर पानभर मराठी सरकवताना तो जाणवायचा.

छपाईतही फरक पडायचा का?

पडद्यापेक्षा जास्त पडायचा. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरकडे स्वतःचे इंग्रजी खिळे असतात. ८० अक्षरांची ओळ पाठवायची तर ८० बाइट. तीच ओळ चित्र म्हणून पाठवायची तर साध्यातल्या साध्या घनतेला आठ ठिपके उंचीच्या एका पट्ट्याला ४८० बाइट, आणि उंच अक्षरांना असे दोन-तीन पट्टे. डोकं तितक्या वेळा पुढेमागे. इंग्रजी बिलं टरटर निघायची आणि मराठी नोटीस निघताना माणूस पान खाऊन यायचा.

हे अजून संपलेलं नाही. टॅली ईआरपी ९ मध्ये छापताना 'क्विक/ड्राफ्ट' निवडलंत तर तोच जुना टेक्स्ट रस्ता. मार्केट यार्डातल्या आडत्याला तो का आवडतो हे विचारू नका, त्याच्याकडे पावतीसाठी उभ्या असलेल्या रांगेकडे बघा.

डोळ्यांना कुठलं बरं?

व्हीजीएचा टेक्स्ट मोड सेकंदाला ७० वेळा ताजा व्हायचा, ६४० बाय ४८० चं ग्राफिक्स ६० वेळा. स्वस्त मॉनिटरवर १०२४ बाय ७६८ लावलं की तो एकाआड एक ओळ रंगवून ४३ वर यायचा आणि संध्याकाळपर्यंत डोकं धरायचं. इतकंच.

डॉसबॉक्समध्ये जुना प्रोग्राम चालवला तर तोच वेग अनुभवता येईल?

डॉसबॉक्स म्हणजे आजच्या यंत्रावर जुन्या पीसीची नक्कल करणारा प्रोग्राम. त्यात जुना प्रोग्राम चालेल, अनुभव येणार नाही. तिथे टेक्स्ट मोडही शेवटी आजचं ग्राफिक्स कार्डच रंगवतं, त्यामुळे दोन्हींतला फरक जवळजवळ पुसला जातो. जुनं रेंगाळणं मुद्दाम बघायचं असेल तर कंट्रोल-एफ११ दाबत सायकल कमी करा, कंट्रोल-एफ१२ ने वाढवा. ६४ बिटच्या विंडोजवर डॉसचे प्रोग्राम थेट चालत नाहीत, म्हणून हा मार्ग. खरं यंत्र हाताशी असेल तर त्यावर फ्रीडॉस ही मोफत डॉस टाका.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्सचा नुसता काळा पडदा ठेवला तर जलद होईल?

हलका होईल, कारण डेस्कटॉपची सगळी वरात मेमरीत येणार नाही. पण आता तो काळा पडदाही बहुधा टेक्स्ट मोड नसतो, फ्रेमबफरवर (पडद्याच्या ठिपक्यांच्या मेमरीत) काढलेली अक्षरं असतात. आणि मराठीसाठी तिथे जाऊ नका. ५१२ खिळ्यांची मर्यादा आणि जोडाक्षरं न जुळणं, १९९० चीच रड तिथे भेटेल.

जिस्टच्या काळातल्या मराठी फाइली आता उघडतील का?

उघडतील, आणि आश्चर्य म्हणजे विंडोजवरच्या नंतरच्या फाइलींपेक्षा सोप्या. इस्कीत 'क्ष' म्हणजे क, हलन्त, ष. युनिकोड या आजच्या मानकाने देवनागरीचा तक्ता १९८८ च्या इस्कीवरूनच घेतला, त्यामुळे बहुतेक ठिकाणी एका क्रमांकाच्या जागी दुसरा ठेवत जायचं. सांभाळायचं ते नुक्ता आणि दुहेरी हलन्ताचं. फॉन्टच्या जमान्यातल्या फाइलींत मात्र अक्षर नाही, अक्षराचे तुकडे साठवलेले असतात : अर्धा क, त्याची दांडी, रफार वेगळा, आणि दर कंपनीच्या फॉन्टची मांडणी निराळी.

मागच्या दिवाळीत एका ओळखीच्यांनी १९९४ ची फ्लॉपी आणून दिली. सोसायटीच्या सभासदांची यादी, डीबेसमधली. साध्या संपादकात उघडली तर तेच मोडकं कुंपण, मध्ये ग्रीक अक्षरं. प्रत्येक हलन्ताच्या जागी Φ. तीस ओळींचा एक छोटा प्रोग्राम लिहून क्रमांक बदलले आणि दोनशे चौदा नावं सरळ समोर आली. पंधरा-सोळा नावं तेवढी शेवटी लंगडी होती, कारण १९९४ मध्ये कुणीतरी नावाला १५ चीच जागा ठेवली होती.